साठीचा पहारा

माझ्या वयाच्या खेड्यातल्या कितीतरी माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो. यात कसला योग नाही. शाळेत नाव घालायला आई पोराला घेऊन जायची. गुरुजी विचारायचे, "कधीचा जन्म?" आई म्हणायची, "कार्तिकीची बारस सोडली अन् दुसऱ्या दिवशी झाला." या उत्तराची तारीख कुणी काढत बसायचं नाही. शाळा जूनमध्ये भरायची, पोर सहा वर्षांचं पूर्ण हवं असायचं, म्हणून गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. १९७२ साली, दुष्काळाच्या वर्षी, माझं नाव पहिलीत घातलं आणि माझी जन्मतारीख १ जून १९६६ झाली. खरा जन्म त्यानंतरच्या कार्तिकातला. पुढे मीच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झालो आणि सुरुवातीच्या वर्षांत मीही काही पोरांना हीच तारीख दिली. १ तारखेला जन्मलेला नोकर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, त्या नियमाने मी ३१ मे २०२४ रोजी शाळेच्या हजेरीपटावर शेवटची सही केली.

त्या कागदावरच्या हिशेबाने यंदा मला साठ वर्षं पूर्ण झाली. वाढदिवस आमच्या घरात कधी केला नाही. पण यंदाचा १ जून मला विसरता येणार नाही, आणि त्यामागची गोष्ट आपल्यासारख्या माळकऱ्यांपुढे मांडल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आमच्या गावात अधिक महिन्यात अखंड हरिनाम सप्ताह बसतो. अधिक दर तिसऱ्या वर्षी येतो, पण ज्येष्ठच अधिक असणं रोजचं नाही. तो २००७ साली होता, २०१८ साली होता आणि यंदा २०२६ साली आहे. सप्ताहाचा दिवस कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. पहाटे चारला काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथ्यावरचं भजन, चार वाजता प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर. या सगळ्याखाली एक गोष्ट सतत चालू असते, ती म्हणजे विण्याचा पहारा. सात दिवस, सात रात्री विणा कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असतो आणि त्याच्यासोबत नाम चालू असतं. तो खाली ठेवायचा नाही. दोन दोन तासांचा पहारा. पुढचा माणूस येतो, पाया पडतो, विणा गळ्यात घेतो, आणि मगच आधीचा मोकळा होतो. सप्ताहाला 'अखंड' म्हणायचं ते याच्या जोरावर.

२००७ च्या सप्ताहात शेवटच्या रात्री दोन ते चारचा पहारा माझ्याकडे होता. घड्याळाप्रमाणे १ जून लागला होता. म्हणजे कागदावरच्या माझ्या एकेचाळिसाव्या वाढदिवसाची ती पहाट. पौर्णिमेचं चांदणं मंडपात आलं होतं. दिवसभर मी पंगतीत वाढायला होतो, दोन दिवस नीट झोप नव्हती. सोबतीच्या टाळकऱ्याच्या घरी लेकराला ताप होता, त्याला मीच म्हटलं, "तू जा, मी आहे." मंडपात दहा पावलांवर दोघं जण सतरंजीवर झोपले होते.

अडीचनंतर माझे डोळे मिटायला लागले. मी पाय बदलून पाहिले, तोंडावर पाणी मारलं. मग मनात आलं की त्या दोघांतल्या एकाला उठवावं. दोनदा त्यांच्याकडे दोन पावलं गेलो आणि मागे आलो. सकाळी गावात बोलणं होईल, गुरुजींना दोन तास झोप आवरली नाही, हे मला नको होतं. मी शाळेत पोरांना शिस्त शिकवणारा माणूस. चोवीस एकादश्या करणारा. मग मी खांबाला टेकलो. मग पाच मिनिटं म्हणून बसलो.

जाग आली तेव्हा मंडपात आवाज नव्हता. विणा माझ्या मांडीवरून घसरून त्याचा भोपळा फरशीला टेकला होता. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. शेवटचं पाहिलं होतं तेव्हा दोन चाळीस झाले होते. चाळीस मिनिटं नाम बंद होतं. झोपलेले दोघं तसेच झोपले होते. मी उठलो, विणा गळ्यात नीट केला, तार छेडली आणि म्हणायला लागलो. चार वाजता पुढचा पहारेकरी आला, माझ्या पाया पडला. मी त्याला विणा दिला. त्याने माझ्या पायाला हात लावला तेव्हा मी पाय मागे घेतला, आणि त्याला वाटलं मी नम्र आहे.

त्या दिवशी काल्याच्या कीर्तनात महाराजांनी गावाचं कौतुक केलं की सात दिवस इथे नामात खंड पडला नाही. लोकांनी विठ्ठलनामाचा गजर केला. मीही हात वर केला.

त्यानंतर काय केलं, ते मोडलेल्या पहाऱ्याहून वाईट आहे. मी विणा पुन्हा गळ्यात घेतलाच नाही. कुणी दिला तर म्हणायचो, "पाठीत उसण भरते, टाळ बरा." लोक म्हणायचे, गुरुजींना पुढे पुढे करायची हौस नाही. माझ्या भित्रेपणाला गाव साधेपणा समजत होतं आणि मी समजू देत होतो. दुसरं म्हणजे, मी नेम वाढवले. आधी हरिपाठ संध्याकाळी म्हणायचो, तो पहाटेही म्हणू लागलो. एकादशीला फराळ घेत असे, तो सोडला. उठायची वेळ पाचाची चारवर आणली. बाहेरून पाहणाऱ्याला माझी साधना वाढलेली दिसत होती. नेम वाईट नव्हते, त्यांनी मला कितीतरी गोष्टींपासून वाचवलंही असेल. पण आज विचारतो, ते नेम माझे राखणदार होते की माझं पांघरूण होते? रोज पहाटे मी ते अंगावर ओढून घेत होतो आणि त्याखाली ती चाळीस मिनिटं झाकली जात होती.

२०१८ च्या अधिकात सांगायचं ठरवून आमच्या दिंडीच्या विणेकऱ्यांच्या घरी गेलो होतो. आम्ही त्यांना नाना म्हणतो. नाना गोठ्यात बसले होते. मी पाऊसपाण्याचं बोललो, चहा घेतला आणि परत आलो.

शाळेतली एक आठवण मात्र सारखी टोचत राहिली. तिसरीतल्या एका मुलाच्या हातून वर्गातला पृथ्वीचा गोल फुटला. कुणी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलाजवळ आला, खाली बघत म्हणाला, "गुरुजी, मी फोडला." त्याचे हात थरथरत होते. मी त्याला सगळ्या वर्गापुढे उभं केलं, पाठ थोपटली आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'धाडस' हा शब्द लिहिला. खडू खाली ठेवताना मला माझीच लाज वाटली. नऊ वर्षांच्या पोराला एका रात्रीत जमलं ते मला जमत नव्हतं.

यंदाचा सप्ताह २५ मेला बसला. काला १ जूनला. नाना आता ८२ वर्षांचे. तीसहून अधिक वर्षं त्यांनी माउलींच्या सोहळ्यात आमच्या दिंडीचा विणा वाहिला. सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी कमिटीची माणसं घरी आली. म्हणाली, "गुरुजी, १ जूनला तुमची साठी. ३१ तारखेला हरिपाठ झाला की शाल-श्रीफळ देऊ. आणि यंदाच्या वारीपासून दिंडीचा विणा तुमच्याकडे. नानांनीच तुमचं नाव सुचवलंय. ज्याचा नेम कधी मोडला नाही असा माणूस पाहिजे, असं ते म्हणाले."

मी हो म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही. दोन रात्री झोपलो नाही. दुसऱ्या रात्री घरच्यांना सगळं सांगितलं. लग्नाला ३६ वर्षं झाली, आणि ही एक गोष्ट मी तिच्यापासून लपवली होती. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अहो, तुम्ही पडला त्याचं मला काही नाही. माणूस आहे, पडणारच. एकोणीस वर्षं उठला नाहीत, त्याचं वाईट वाटतं."

त्या रात्री मला नामदेवराय आठवले. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संत जमले होते, ती कथा आपण सगळे ऐकत आलोय. मुक्ताईने विचारलं म्हणून गोरोबांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर वाजवून पाहिलं, मडकं कच्चं की पक्कं. बाकीचे शांत बसले, नामदेवांना मात्र ते सोसलं नाही, आणि गोरोबांनी सांगितलं की हे मडकं कच्चं आहे. ज्यांच्याशी देव बोलतो, त्यांना भर सभेत हे ऐकावं लागलं. नामदेव रुसले, पंढरीला परतले, पण शेवटी औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांपुढे जाऊन बसले. ही कथा मी मुलांना अनेकदा सांगितली होती. पण एक गोष्ट त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आली. आपल्या संप्रदायाने नामदेवांचा तो कच्चेपणा लपवला नाही. पिढ्यान्‌पिढ्या कीर्तनात उघडपणे सांगितला. आणि आज त्याच नामदेवांच्या पायरीवर पाय न ठेवता, तिला हात लावून आपण राउळात जातो. कच्चं असणं उघड झालं म्हणून नामदेव लहान झाले नाहीत. मी मात्र पक्कं दिसण्यासाठी एकोणीस वर्षं भट्टीबाहेर राहिलो.

३१ मेला संध्याकाळी हरिपाठ संपला. मंडप भरला होता. कमिटीच्या अध्यक्षांनी माझं नाव घेतलं, दोन कौतुकाचे शब्द बोलले. नाना खुर्चीवर होते, त्यांच्या मांडीवर शाल होती. मी म्हटलं, "शाल घेण्याआधी मला बोलायचंय." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. मी सांगितलं की २००७ च्या सप्ताहात शेवटच्या रात्री दोन चाळीस ते तीन वीस मी झोपलो होतो. विणा जमिनीला टेकला होता. नाम बंद होतं. तो सप्ताह अखंड झाला नाही आणि तो माझ्यामुळे झाला नाही. उठून कुणाला तरी बोलवता येत होतं, ते मी मानापायी केलं नाही. आणि पाठीतली उसण खोटी होती.

एवढंच बोललो. दोन मिनिटंही लागली नसतील.

नंतर जे झालं ते सगळं गोड नव्हतं, हेही सांगायला हवं. एक वयस्कर गृहस्थ उठून निघून गेले. २००७ साली सप्ताहाची सगळी जबाबदारी त्यांच्यावर होती, आणि तो सप्ताह ते आयुष्यातलं पुण्य मानत आले होते. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचा राग मला रास्त वाटतो. माझं ओझं मी उतरवलं तेव्हा त्यातलं थोडं त्यांच्या डोक्यावर गेलं. अध्यक्ष हळूच म्हणाले, "गुरुजी, हे आत्ता माइकवर सांगायची काय गरज होती?" मागे बायकांत कुजबुज झाली. मी शालीकडे बघितलं नाही.

नानांनी शाल घडी करून बाजूला ठेवली. श्रीफळ विठ्ठलाच्या पायाशी ठेवायला दिलं. मग अध्यक्षांना विचारलं, "आज दोन ते चारच्या पहाऱ्याला कोण हाय?"

कुणीतरी एका पोराचं नाव सांगितलं.

"त्याच्या हातात टाळ द्या," नाना म्हणाले. "विणा मास्तर घेतील."

क्षमा केली, असं ते म्हणाले नाहीत. रागावलेही नाहीत. माझ्या गळ्यात पहारा दिला. पुन्हा तोच अधिक ज्येष्ठ होता, तेच चांदणं, तीच दोन ते चारची वेळ.

एकोणीस वर्षांनी विणा गळ्यात घेतला तेव्हा त्याचं वजन मी विसरलो होतो हे कळलं. सोबतीला तो कॉलेजात शिकणारा पोरगा होता. पहिला अर्धा तास बरा गेला. माझं साठीचं शरीर, गुडघे धरलेले, दिवसभराची धावपळ. आणि बरोबर अडीचच्या सुमाराला डोळे जड व्हायला लागले. तीच झोप, तसाच खांब. मला वाटलं होतं की एवढं मोठं सांगून टाकल्यावर आज तरी झोप येणार नाही. पण शरीराला आपल्या पश्चात्तापाची काही पडलेली नसते.

मी त्या पोराकडे वळलो आणि म्हटलं, "बाळा, मला झोप येतेय. टाळ जोरात वाजव. आणि मी खांबाकडे सरकलो तर हात धर."

तो हसला. म्हणाला, "गुरुजी, मलाही येतेय. मी म्हटलं तुम्हाला कसं सांगू?"

मग आम्ही दोघांनी चाल चढवली. पाच पावलं पुढे, पाच मागे असं करत राहिलो. आणि चार वाजले.

वारकरी बंधुभगिनींनो, साठ वर्षांत मला जे कळलं ते या एका वाक्यात आहे. 'मला झोप येतेय' हे चार चौघांत म्हणता येणं. २००७ साली माझा नेम झोपेने मोडला असं मी इतकी वर्षं समजत होतो. तो झोपेने मोडला नव्हता. झोप सगळ्यांनाच येते. दहा पावलांवरच्या माणसाला उठवायची मला लाज वाटली, तिथे तो मोडला. झोप नंतर आली.

आपण नेमाला एकट्याची गोष्ट समजतो. माझी एकादशी, माझा हरिपाठ, माझी पायी वारी, माझी इतकी वर्षं. आणि मग ते 'माझं' सांभाळण्यासाठी आपण एकटे पडत जातो. पण आपल्या संप्रदायात एकट्याने करायचं आहे तरी काय? विणा एकाच्या गळ्यात असतो, पण त्याच्या अंगाला टाळकरी लागतो, मृदंग लागतो, आणि दोन तासांनी तो घेणारा दुसरा लागतो. आपली माणसं दिंडीने चालतात ती उगाच नव्हे. ज्याचे पाय दुखतात त्याची पिशवी दुसरा घेतो. अखंड राहायचं म्हणजे एकाने न थकता उभं राहणं नव्हे. थकल्यावर सांगायचं आणि दुसऱ्याने घ्यायचं, यानेच सप्ताह अखंड राहतो.

धैर्याचंही तसंच. मंडपात उभं राहून मी जे बोललो त्याला नंतर काही जणांनी धैर्य म्हटलं. मला तसं वाटत नाही. ते उशिरा फेडलेलं कर्ज होतं, आणि व्याज दुसऱ्यांनाही भरावं लागलं. खरं धैर्य फार लहान असतं आणि ते वेळेवर लागतं. अडीच वाजता, दहा पावलं चालून एका माणसाला हलवून उठवण्याएवढं. ते त्या वेळी केलं असतं तर पुढची एकोणीस वर्षं लागली नसती.

आणि नेम मोडलाच तर काय करायचं? मी शाळेत तीस-पस्तीस वर्षं हजेरी घेतली. गैरहजर राहिलेलं पोर दुसऱ्या दिवशी शाळेत आलं की मला आनंद व्हायचा. जे पोर एक दिवस चुकलं म्हणून रागावतील या भीतीने आठवडाभर येत नसे, त्याचं खरं नुकसान व्हायचं. स्वतःच्या बाबतीत हे साधं गणित मला जमलं नाही. एक रात्र चुकली आणि त्या भीतीने मी एकोणीस वर्षं विण्याच्या शाळेला गेलो नाही. चुकलेल्या दिवसाची खूण खोडायची नाही, आणि दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं. एवढंच करायचं होतं.

काला झाल्यावर कमिटीने एक ठराव केला. इथून पुढे रात्री बारानंतरचा पहारा एकट्याने करायचा नाही, दोघंच उभे राहतील, आणि झोप आवरत नसेल तर मंडपातल्या कुणालाही उठवायचं, त्यात कमीपणा मानायचा नाही. माझी साठी गावाच्या एवढ्या तरी उपयोगी पडली.

दिंडीचा विणा यंदा माझ्याकडे आला नाही. नाना म्हणाले, "यंदा मी नेतो, जमेल तसा. तुम्ही माझ्या शेजारी चाला. घाटात मला दम लागला की घ्या." अधिकामुळे यंदा वारी उशिरा, जुलैत आहे. मी टाळ घेऊन त्यांच्या डाव्या अंगाला असेन. ८२ वर्षांचा माणूस मला दम लागेल म्हणून आधीच सांगून ठेवतो. मी त्यांच्याकडून हे तीस वर्षांपूर्वीच शिकायला हवं होतं.

कार्तिकीची बारस सोडली की दुसऱ्या दिवशी माझा आईने सांगितलेला वाढदिवस येईल. तोवर मी कागदावर साठ वर्षांचा आहे, आणि पहाऱ्याच्या हिशेबाने अजून पहिलीतला.

वारीत गाठ पडली, आणि दिवेघाट चढताना मी मागे पडलेला दिसलो, तर हाक मारा, माउली. लाज न धरता मी ओ देईन. आणि तुम्ही थकलात तर तुम्हीही सांगा.

रामकृष्णहरी.